वॉशिंग्टनचं नाव आणि पन्नास लाखांचं कर्ज

ताई, नमस्कार. मी यावल तालुक्यातली. राज्यशास्त्रात बी.ए. केलं, आता आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करायचं आहे. वॉशिंग्टनमधल्या एका फार नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळालाय. त्यांनी निम्मी फी माफ केलीय, तरी दोन वर्षांसाठी पन्नास लाख उभे करावे लागतील. सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा पेपर चांगला गेलाय, त्यामुळे दिल्लीच्या जेएनयूची आशा आहे. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठातही अर्ज केलाय, पण त्याचं नाव इकडे कुणी ऐकलेलं नाही. सुरतचे मामा म्हणतात, 'कर्ज फिटतं, नाव जन्मभर पुरतं.' पप्पा केळीवाले. फैजपूरचा प्लॉट तारण ठेवायला तयार आहेत. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग याच वर्षी सुरू होतंय. आई काहीच बोलत नाही. मला परराष्ट्र सेवेत जायचंय, नाहीतर युनोत, तेही नाही जमलं तर एखाद्या थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत. जळगावच्या विद्यापीठाचं नाव सांगितलं की बाहेरची माणसं पुढे काही विचारतच नाहीत, म्हणून मोठं नाव हवंसं वाटतं. नावाला खरंच एवढी किंमत असते का?
— यावल तालुक्यातली एक वाचक

*

सुरतचे मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आपल्या विषयात नावाला किंमत आहे, आणि इतर पुष्कळ विषयांपेक्षा जास्त आहे. डॉक्टरला कौन्सिलची नोंदणी असते, वकिलाला सनद, सीएला त्याची परीक्षा. ती हातात आली की तू कुठल्या कॉलेजातून आलीस हे लोक हळूहळू विचारेनासे होतात. आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेल्याला अशी सनद कुणी देत नाही. समोरच्याला तुझं काम माहीत नसतं, म्हणून तो संस्थेचं नाव बघतो. तू तालुक्याच्या कॉलेजातून आलेली, त्यामुळे दुसऱ्या पदवीचं नाव तुला जरा जास्तच उपयोगी पडेल. दिल्लीच्या नामांकित कॉलेजात बी.ए. केलेल्या मुलीला ते कमी लागतं. 'गुणवत्ता असली की झालं' असं सांगून तुझी बोळवण करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पण मामांनी एक गोष्ट हिशोबात धरलेली नाही. ते नाव कुठल्या दारात विचारलं जातं, आणि त्या दारातून भारतीय पासपोर्टवर आत जाता येतं का, हे बघितल्याशिवाय नावाची किंमत ठरत नाही. तू तीन दारं लिहिलीस.

परराष्ट्र सेवेच्या दारात नाव विचारतच नाहीत. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते, आणि ती तुझ्याकडे आहे. पुढे परराष्ट्र सेवा मिळते ती परीक्षेतल्या क्रमांकावर आणि तू भरलेल्या पसंतीक्रमावर. परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले इतिहासाचे एम.ए. आहेत. न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत राहिलेले ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे. 1983 साली सेवेत गेले. निवड झाल्यावर सरकार स्वतः दिल्लीच्या सुषमा स्वराज संस्थेत प्रशिक्षण देतं, परकी भाषाही शिकवतं. एम.ए.चा या परीक्षेला एक थेट उपयोग आहे: 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय, दोन पेपर, 500 गुण. तो विषय वॉशिंग्टनपेक्षा दिल्लीत चांगला तयार होतो, कारण तिथे भारताच्या बाजूने जग बघायला शिकवतात. शिवाय वयाची अट आहे. खुल्या प्रवर्गाला 32 वर्षांपर्यंत आणि सहा प्रयत्न. राखीव प्रवर्गांना वयात सवलत आहे, प्रयत्नांचे नियमही वेगळे आहेत. ज्या वर्षांत अभ्यास करायचा तीच वर्षं परदेशातलं कर्ज फेडण्यात गेली, तर हे दार तुझं तूच बंद केलेलं असेल. परराष्ट्र सेवा तुझ्या मनात खरोखर पहिली असेल, तर हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखव.

युनोचं दार वेगळं आहे. तिथे सुरुवातीच्या अधिकारी पदांना सहसा पदव्युत्तर पदवी मागतात, ती नामांकित असली तर बरंच. पण अर्ज पुढे सरकतो तो भाषेवर आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर. सचिवालयाच्या कामाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश या बाकीच्या अधिकृत भाषा. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात स्वतःच्या खर्चाने राहणं केळीच्या एका हंगामाला पेलणारं नाही. तरुणांसाठी युनोची वायपीपी नावाची परीक्षा आहे, पण त्या वर्षीच्या यादीत आपला देश नसेल तर अर्जच भरता येत नाही. शिवाय युनो सध्या पैशांच्या चणचणीत आहे आणि पदं कमी होत आहेत. हा रस्ता बंद आहे असं मी म्हणत नाही. यूएन व्हॉलंटियर म्हणून भत्त्यावर काम करून पुष्कळ जण आत गेले आहेत. पण पन्नास लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन या रस्त्याने निघू नये.

थिंक टँकमध्ये मात्र नाव चालतं, आणि ते कसं चालतं हे मी जवळून पाहिलंय. दिल्लीत एका संशोधन संस्थेत असताना संशोधन सहायकाच्या जागेसाठी आलेले अर्ज चाळण्याचं काम माझ्याकडे असे. पहिली चाळणी भराभर व्हायची. ओळखीच्या संस्थेचं नाव दिसलं की अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यात जायचा, नाही दिसलं तर थोडं पुढे वाचावं लागायचं, आणि वेळ कमी असला की तेवढं वाचलं जायचं नाही. हे न्याय्य नाही, पण असं होतं. मात्र जेएनयू, वॉशिंग्टनची सैस, लंडनचं किंग्ज कॉलेज, लंडन स्कूल हे सगळे अर्ज एकाच गठ्ठ्यात जायचे. त्या पहिल्या चाळणीत वॉशिंग्टनला दिल्लीपेक्षा वरचढ मान नव्हता.

दुसऱ्या चाळणीत आम्ही लेखनाचा नमुना वाचायचो, आणि तिथे नाव कुणाच्या लक्षातही राहायचं नाही. एका फार मोठ्या परदेशी विद्यापीठाच्या मुलाने सिद्धांतकारांची नावं गुंफलेली पंधरा पानं पाठवली होती. ती वाचून त्याला स्वतःला काय म्हणायचंय ते कळलं नाही. नाशिककडच्या एका मुलीने तीनच पानं लिहिली होती, डिसेंबर 2023 मधल्या कांदा निर्यातबंदीवर. बंदी असतानाही बांगलादेश, श्रीलंका, अमिराती अशा देशांना सरकारी मार्गाने ठरावीक कोटा कसा गेला, त्यामागे शेजारधोरण किती आणि देशातल्या भावाची धास्ती किती, हे तिने तारखांसकट मांडलं होतं. जागा तिला मिळाली.

तुझ्याकडे तर याहून मोठा विषय घरातच आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पॅक हाऊसमध्ये फण्या धुऊन खोक्यांत भरल्या की कंटेनर न्हावा शेवा बंदरातून आखाताकडे जातो. इराणवरच्या निर्बंधांमुळे पैसे कुठल्या वाटेने येतात, होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की जहाजाचा विमा आणि भाडं किती चढतं, आणि त्याचा धक्का रावेर-यावलच्या बांधापर्यंत किती दिवसांत पोचतो, हे लिहायला तुझ्या पप्पांच्या ओळखीचे दोन निर्यातदार पुरेत. कापसाचंही तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. त्या हंगामात खान्देशातल्या कापूसवाल्याच्या घरात काय बोलणं चाललं होतं, ते दिल्लीतल्या कुठल्याही संशोधकापेक्षा तुला जास्त माहीत असेल. जळगावचं नाव ऐकून माणसं गप्प होतात म्हणतेस ना, असा एक लेख हातात दिलास की तीच माणसं प्रश्न विचारू लागतील.

आता वॉशिंग्टनचं बोलू. ती संस्था उत्तम आहे यात शंका नाही, आणि तिथे प्रवेश मिळवलास याचं मला मनापासून कौतुक आहे. पण अशा संस्थांची मोठी ताकद त्यांच्या शहरात असते. जॉर्जटाऊनची स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस 1919 मध्ये सुरू झाली ती अमेरिकेला जगात वावरणारी माणसं हवी होती म्हणून. परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, गुप्तचर संस्था, त्यांना सेवा पुरवणाऱ्या कंपन्या: त्या नावाची खरी वसुली तिथे होते. आणि त्यातल्या बहुतेक जागांना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा सुरक्षा मंजुरी लागते. तुझ्या शेजारच्या बाकावरची अमेरिकन मुलगी ज्या नावावर थेट नोकरीत जाईल, त्याच नावावर तुला त्या इमारतीत पाऊल ठेवता येणार नाही. विकासकामांच्या नोकऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना त्यातल्या त्यात जवळच्या होत्या. पण परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएआयडीच 1 जुलै 2025 पासून बंद झाली, आणि तिच्या पैशांवर चालणाऱ्या अनेक संस्थांनी माणसं कमी केली. जागतिक बँक आणि नाणेनिधी त्याच शहरात आहेत, तिथे भारतीयांना मज्जाव नाही. मात्र त्यांना अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं लागतं. पदवीनंतर अमेरिकेत काम करायला ओपीटी नावाच्या परवानगीचे 12 महिने मिळतात. त्यापुढची 24 महिन्यांची वाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून नोंदलेल्या अभ्यासक्रमांना आहे. तुझा अभ्यासक्रम त्यात आहे का, हे संस्थेला आजच विचार.

क्रमवारीबद्दलही थोडं सांगते, कारण मामांनी तुला ती मोबाइलवर दाखवलीच असेल. या विषयातली अमेरिकेत गाजणारी यादी मुख्यतः तिथल्या प्राध्यापकांना आणि धोरणवर्तुळातल्या लोकांना 'तुमच्या मते चांगली संस्था कोणती' असं विचारून बनते. विद्यार्थी पुढे काय करतात हे तिच्यात मोजलेलं नसतं. तुझ्या पप्पांना बोर्ड भाव आणि हातात पडणारा भाव यातलं अंतर सांगायची गरज नाही. क्रमवारी हा बोर्ड भाव आहे.

एका ठिकाणी मात्र क्रमांक अक्षरशः पैशात बदलतो, आणि ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. ते म्हणजे शिष्यवृत्ती. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी संस्थेची परदेशी शिष्यवृत्ती, आदिवासी आणि इतर मागासवर्गासाठीच्या योजना, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज: तू कुठल्या प्रवर्गात येतेस ते लिहिलं नाहीस, पण यातली एखादी तुला लागू असू शकते. यातल्या अनेकींना क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, आणि ती विद्यापीठाच्या एकूण क्रमांकाची असते, विषयाच्या नाही. त्यामुळे विचित्र प्रकार होतो. जॉर्जटाऊन किंवा पॅरिसची सियाँस पो या विषयात जगात अव्वल मानल्या जातात, पण एकूण यादीत पहिल्या दोनशेच्या बाहेर आहेत. तेव्हा जिथे दोनशेची अट आहे तिथे या दोन्ही गळतात, आणि आपल्या विषयात मध्यम असलेलं एखादं मोठं विद्यापीठ बसतं. अटी आणि उत्पन्नाची मर्यादा दरवर्षीच्या जाहिरातीत बदलते. जळगावच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू जाहिरात माग. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती क्रमांक विचारत नाही, पण साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. युरोपची इरास्मस मुंडुस थेट बी.ए.नंतरही मिळते, महिन्याला 1400 युरो देते, आणि तिच्यात आपल्या विषयाचे अभ्यासक्रम आहेत.

आता पैशांचा हिशोब. 50 लाख, 10 टक्के व्याज, 10 वर्षांची फेड: महिन्याचा हप्ता साधारण 66 हजार. शिकत असतानाचं व्याज त्याच्यावर वेगळं. भारतात परतलीस तर थिंक टँकमधला नवख्याचा पगार बहुतेक ठिकाणी या हप्त्यालाच पुरणार नाही, दिल्लीतलं घरभाडं आणि जेवण तर सोडूनच दे. म्हणजे फेडण्यासाठी तुला अमेरिकेत राहावंच लागेल आणि मिळेल ते काम करावं लागेल. मग तुझ्या पत्रातली तिन्ही दारं बाजूलाच राहतील. बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, कारण ती कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने जप्त करता येत नाही. म्हणूनच बँकेने फैजपूरचा प्लॉट मागितला असणार. तो प्लॉट घरात आणखी कशासाठी धरून ठेवलाय, हे आईला विचार. तुझ्या पत्रात आई काहीच बोलत नाही, पण भावाच्या फीची तारीख तिच्या डोक्यात असेल. पप्पांनी 'हो' म्हटलं ते तुझ्या प्रेमापोटी. त्यांना 66 हजारांचा आकडा कागदावर लिहून दाखव, मग पुन्हा विचार.

म्हणून माझं मत सरळ सांगते: जेएनयू मिळालं तर तिथे जा. तिथली स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज 1955 मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि 1970 मध्ये जेएनयूत आली. या विषयात देशात तिच्याइतकं जुनं आणि मोठं नाव नाही. तुला नाव हवंय ना, हे नावच आहे, आणि त्याचं वर्षाचं शिक्षणशुल्क पुण्यातल्या क्लासच्या एका महिन्याच्या फीइतकंही नाही. वसतिगृह पहिल्या दिवसापासून मिळेलच असं धरू नकोस. सुरुवातीच्या काही महिन्यांच्या भाड्याची तजवीज करून जा.

तिथे गेल्यावर नुसती एम.ए. करून येऊ नकोस. त्याच विद्यापीठात परकी भाषांचे विभाग आहेत. तुझ्या विषयाला आणि तुझ्या भागाला अरबी किंवा फारसी फार शोभेल, युनोचं मनात असेल तर फ्रेंच. संख्याशास्त्राचा एक पेपर घे, नको वाटला तरी घे. पहिल्याच वर्षी केळीवरचा तो लेख लिहून एखाद्या प्राध्यापकाला दाखव आणि तो पुन्हा लिहून काढ. जेएनयू हुकलं तर दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, पाँडिचेरी विद्यापीठ आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, आणि त्याच शहरात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकी भाषा शिकता येतात. खासगी विद्यापीठांतही चांगले प्राध्यापक आहेत, पण त्यांची फी लाखांत जाते. सवलत मिळाल्याशिवाय तिकडे वळू नकोस.

जर्मनीचं नाव इकडे कुणी ऐकलेलं नाही म्हणून तू त्याला शेवटी ठेवलंस, ते मला पटलं नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सहा महिन्यांला 1500 युरो आहे. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. आपल्या विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. ते मिळायला वेळ जातो, म्हणून अजून काढलं नसलंस तर आधी ते कर. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, म्हणजे अमेरिकेतल्या ओपीटीच्या 12 महिन्यांपेक्षा सहा महिने जास्त. पण जर्मन भाषा आल्याशिवाय आपल्या विषयात तिथे काम मिळणं अवघड आहे. ती शिकायची मनापासून तयारी असेल तर हा वॉशिंग्टनपेक्षा बरा पर्याय आहे, नसेल तर नाही.

निर्णय घेण्याआधी एक काम कर. वॉशिंग्टनच्या त्या संस्थेतून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेले भारतीय विद्यार्थी लिंक्डइनवर शोध. भारतीयच शोध, संस्थेच्या पत्रकात छापलेले हसरे चेहरे नकोत. त्यांना दोन ओळी लिही: कर्ज घेतलं होतं का, आणि आज काय काम करता. काही जण उत्तर देतील. ज्यांच्या मागे घरचा पैसा होता आणि ज्यांच्या मागे कर्ज होतं, अशा दोघांच्या उत्तरांतला फरक नीट बघ.

आणि वॉशिंग्टनला आत्ताच नकार कळवू नकोस. त्यांना मेल लिही: माझ्याकडे शेतीच्या उत्पन्नाशिवाय आधार नाही, फीमाफी वाढवता येईल का, आणि नाहीच जमलं तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. पप्पांचा उत्पन्नाचा दाखला सोबत जोड. असे मेल त्यांना रोज येतात, विचारल्याने कुणी रागावत नाही. पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च त्यांनी उचलला तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेव आणि बिनधास्त जा. त्यांचं उत्तर आलं की मला कळव, आकडा बदलला असेल तर हिशोब पुन्हा मांडू.